उजवीकडची भिंत

पॅनेलच्या दुकानात नमुन्याचे तुकडे हाताळणारी गिऱ्हाइकं रोज येतात; तुकडे हुंगणारी ती बहुधा पहिलीच असावी. एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या पाटीचा, तळहाताएवढा तुकडा तिनं नाकाशी नेला, डोळे मिटले, पुन्हा हुंगला आणि पर्समधल्या वहीत काहीतरी लिहिलं. काउंटरमागचा पॅनेलवाला तीन तुकड्यांपर्यंत गप्प राहिला. चौथ्याला त्याला राहवेना.

"ताई, हे भिंतीला लावायचं असतं."

"माहितीय मला."

"नाही, अत्तराचं दुकान समोरच्या गल्लीत आहे, म्हणून सांगितलं."

तिचे कान गरम झाले, पण हातातला तुकडा काही तिनं खाली ठेवला नाही. "माझी मुलगी या भिंतीला नाक लावून झोपणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही झोपाल का याला नाक लावून?"

पॅनेलवाल्यानं तुकड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मी बायकोकडे नाक करून झोपतो," तो म्हणाला. पण मग तो उठला, आतून आणखी आठ-दहा नमुने पिशवीत भरून घेऊन आला आणि म्हणाला, "घरी न्या. निवांत हुंगा. आणि कुठला पास झाला ते मलाही सांगा, पुढच्या गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल."

भिंत होती ती एका जुन्या व्हॅनची. तिचा नवरा वजनकाट्यांचा मेकॅनिक. दुकानातल्या काट्यांचा नव्हे. भरलेले ट्रक ज्यांच्यावर उभे करून तोलतात, त्या जमिनीतल्या अजस्र काट्यांचा. असले काटे खाणींवर, गोदामांच्या तोंडाशी, गावाबाहेरच्या माळावर असतात, त्यामुळे तोही बहुतेक वेळ गावाबाहेरच असायचा. लेक अडीच वर्षांची. एका जागी उभी राहायची नाही म्हणून तिचं नाव पडलं होतं भिंगरी. मागच्या खेपेला सहा आठवड्यांनी बाप घरी आला, तेव्हा भिंगरी आईच्या पायांमागे लपली आणि तिथूनच विचारती झाली, "हे काका कधी जाणार?"

सगळे हसले. तोही हसला. पण त्या दिवशी जेवताना त्याच्या हातून पाण्याचा पेला दोनदा सांडला, आणि आठवड्याच्या आत त्यानं ही व्हॅन दारात आणून उभी केली. मागच्या बाजूला डावीकडे मोठ्यांचा पलंग, उजवीकडे भिंगरीचा, मध्ये ओटा. पुढच्या महिन्यात नव्या भागातली फेरी सुरू व्हायची होती, पहिल्या सोमवारी सकाळी निघायचं होतं. गाडी तयार असली तर तिघं जाणार. नसली तर तो एकटा, नेहमीसारखा बसनं, सहा आठवडे.

तिघांनी एकत्र जाणं तिलाही हवं होतं. पण हवं असलेल्या गोष्टीतसुद्धा काय काय बिघडू शकतं, याची यादी तिच्या डोक्यात आपोआप तयार होत असे. आणि या यादीत पहिल्या नंबरावर भिंगरीची छाती होती. वर्षापूर्वी शेजाऱ्यांनी कपाटाला पॉलिश करून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत पोरीच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जायला लागल्या. तीन दिवस हॉस्पिटल. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "रंग, पॉलिश, असल्या उग्र वासांपासून लांब ठेवा. प्रत्येक वेळी त्रास होईलच असं नाही. पण झाला, तर तुमच्या हातात वेळ कमी असतो."

बाकीचं ती विसरली असती. "वेळ कमी असतो" हे तीन शब्द मात्र तिच्या मानेवर बसले ते बसलेच. माळावरच्या काट्यापासून हॉस्पिटल किती लांब, हे ती नकाशात बोटानं मोजायची आणि बोट मागे घ्यायची.

तशी घरात तिच्या काळजीची थट्टाच व्हायची. एकदा तिनं गॅस गळतोय म्हणून अख्खी इमारत खाली उतरवली होती. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना दोघांनी खुर्चीवर बसवून आणलं होतं. शेवटी निघाला काय, तर ओट्याखाली सडलेला बटाटा. तेव्हापासून तिनं कशावर शंका घेतली की नवरा गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "बटाटा तर नाही ना?"

तर तिनं नमुने घरी आणले. एकेका रिकाम्या बरणीत एकेक तुकडा घातला, झाकणं घट्ट लावली आणि बरण्या उन्हाच्या खिडकीत ओळीनं मांडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण किंचित उघडायचं आणि नाक लावायचं. एमडीएफची बरणी उघडताच डोळ्यांत पाणी आलं. पीव्हीसीच्या पाटीचा वास नव्या चपलेसारखा. तिचा कोपरा तिनं गच्चीत मेणबत्तीवर धरून पाहिला, तर काळा धूर दोऱ्यासारखा वर गेला. तीही बाद. ॲल्युमिनियमचा पत्रा वासाला निर्मळ, पण सकाळी हात लावला तर ओला लागला. थंडीत आतून पाणी सुटणार, पाणी सुटलं की बुरशी. कार्पेट तर मुळीच नको, त्यात धूळ बसते आणि दूध सांडतं. बुचाच्या पातळ पाट्यांवर तिचा जीव जडला होता, पण भिंगरीनं अर्ध्या मिनिटात नमुन्याचा लचका तोडून तोंडात घातला.

उरला पॉपलरचा पातळ, हलका प्लाय. त्याची बरणी तिनं तीन दिवस ठेवली. तीन दिवसांनी कोरड्या वहीचा येतो तेवढा वास आला, बस्स. भिंगरीच्या तान्हेपणीच्या काट्यावर ठेवला, तर दुसऱ्या प्लायच्या निम्मं वजन. वजन म्हटल्यावर नवऱ्याचे डोळे चमकले. "हा घे," तो म्हणाला. "गाडी हलकी राहिली पाहिजे. लोकांचे ट्रक जास्त भरले म्हणून मी काटे लावतो, आणि माझीच गाडी जास्त भरली तर तोंड दाखवायला जागा नाही."

आता आबांची परवानगी तेवढी बाकी होती. आबा म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षं सुतारकाम केलेले, आणि तेही कपाटांचं. आबांचं कपाट घरात आलं की घर पडेल पण कपाट उभं राहील, असं लोक म्हणत. सासूबाई गेल्यापासून ते मागच्या खोलीत राहायचे, खोलीत निम्मी हत्यारं आणि निम्मे आबा. गाडीचं काम हातात आल्यापासून त्यांची चाल बदलली होती. कानावर पेन्सिल परत आली होती.

आबांनी पॉपलरचा तुकडा दोन बोटांत धरला आणि वाकवला.

"हा प्लाय? सूनबाई, हे बिस्किट आहे. चहात बुडवून खा."

"आबा, गाडी आहे ही," नवरा म्हणाला. "कपाट नाही."

"कपाट तरी कुठे जन्मभर एका जागी असतं? लोक घरं बदलतात."

"ताशी साठच्या वेगानं नाही बदलत."

आबांनी हा टोला ऐकून न ऐकल्यासारखा केला. तुकडा उलटापालटा करून त्यांनी तो ठेवून दिला. "मऊ, गोड लाकूड आहे," ते पुटपुटले. "वाळवीला जेवायला बोलावल्यासारखं." पण मग तिच्याकडे पाहून म्हणाले, "तुझ्या नाकाला चालतंय ना? मग चालतंय."

लाकूड कापायचं म्हणजे भुसा उडणार. म्हणून त्या चार दिवसांसाठी ती आणि नवरा भिंगरीला घेऊन तिच्या आईकडे जाऊन राहिले. जाताना तिनं आबांना वहीतलं पान फाडून दिलं: कडांना कुसळ राहू नये, फेविकॉलसुद्धा नको, नुसते स्क्रू, आतून रंग नाही, पॉलिश नाही. आबांनी पान घडी घालून खिशात ठेवलं. "अगं, मला लग्नात एवढ्या अटी घातल्या नव्हत्या," ते म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी ती तिघं परतली तेव्हा सगळ्या पाट्या लागल्या होत्या. तिनं दार सरकवलं आणि उभीच राहिली. आत फिकट, दुधाळ लाकडाची एक खोली झाली होती. जोड कुठे आहे ते शोधावं लागत होतं. कडांवरून तिनं तळहात फिरवला, मग तळहाताची मागची बाजू फिरवली. कुठे म्हणून कुसळ लागलं नाही. स्क्रूंच्या डोक्यांवरच्या खाचा सगळ्या एकाच दिशेला आडव्या. भिंगरीनं पलंगावर चढून तीन उड्या मारल्या आणि बापाला म्हणाली, "बाबा, वर ये." या खेपेला येऊन त्याला दहा दिवस झाले होते. काकाचा बाबा व्हायला त्याला त्यातले सहा लागले होते.

आबा फाटकाशी उभे होते. तिनं "फार सुरेख झालंय, आबा" म्हटलं तेव्हा त्यांनी फक्त पेन्सिल एका कानावरून दुसऱ्या कानावर ठेवली.

शुक्रवारी भर दुपारी भिंगरी घरात झोपलेली असताना ती गाडीत गेली. दार ओढून घेतलं, काचा लावल्या आणि उजवीकडच्या पलंगावर भिंतीला नाक लावून आडवी झाली. लेकीला झोपवायच्या आधी आपण झोपून पाहायचं, हे तिनं कधीच ठरवून ठेवलं होतं. दहा मिनिटं काही नाही. ऊन टपावर चढत गेलं, आतली हवा तापली. विसाव्या मिनिटाला तिला काहीतरी जाणवलं. गोडसर, आणि त्या गोडाखाली रॉकेलसारखं काहीतरी. तिनं श्वास रोखला, सोडला, पुन्हा घेतला. होतं. नव्हतं. होतं.

ती बाहेर येऊन नवऱ्याला घेऊन आली. तो आत शिरला, दार उघडंच ठेवून. चारी कोपऱ्यांत नाक फिरवून आला, भिंतीला नाक लावलं.

"लाकडाचा येतोय."

"त्याच्याखाली?"

"त्याच्याखाली पण लाकूडच आहे." मग त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि आवाज उतरवला. "अगं, सोमवारी निघायचंय. तुला निघायची भीती वाटतेय, म्हणून वास येतोय. बटाटा आहे हा."

हे तिचं स्वतःशी आधीच म्हणून झालं होतं. तिनं आबांच्या पेटीतून कापून उरलेले तुकडे आणले, पुन्हा बरणीत घातले, खिडकीत ठेवले. शनिवारी सकाळी झाकण उघडलं. कोरडी वही. तोच प्लाय, तीच रास, आणि वास नाही. म्हणजे वास गाडीत नव्हता; तिच्या डोक्यात होता. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट भीती वाढली. आपल्या नाकावर विश्वास ठेवायचा नाही असं एकदा ठरलं, की मग माळावर, काट्याजवळ, पोरगी भिंतीकडे तोंड करून झोपलेली असताना विश्वास ठेवायचा तरी कशावर?

अंगणात नवरा हत्यारांची पिशवी भरत होता. भिंगरी त्यातला पाना काढून बाजूला ठेवायची, तो परत आत टाकायचा, ती परत काढायची. दोघं या खेळाला कंटाळत नव्हते. ती दारात उभी राहून बघत राहिली. आपण आत्ता तोंड उघडलं तर हे मोडणार. नाही उघडलं आणि वास खरा निघाला तर? आणि उघडलं आणि पुन्हा बटाटाच निघाला, तर यापुढे या घरात आपलं कोण ऐकणार?

दुपारी ती पुन्हा गाडी बंद करून आत बसली. या वेळी वास दहाव्याच मिनिटाला आला. कपाळात ठणका लागला. तिनं ड्रॉवरमधला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि भिंगरीच्या उशाजवळच्या पाटीचा पहिला स्क्रू फिरवला. खाच आडवी होती ती तिरकी झाली, आणि तिला चोरी केल्यासारखं वाटलं. आठ स्क्रू. पाटी सुटून तिच्या मांडीवर आली. तिनं ती उलटी केली.

मागची बाजू चहाच्या रंगाची होती. ब्रशचे फटकारे दिसत होते. एका कोपऱ्यात ओघळ येऊन सुकला होता. पाटी उलटताच वास असा आला, की तिला तोंड फिरवावं लागलं.

"स्क्रू का काढलास गं?"

दारात आबा उभे होते. आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं.

"आबा, हे मागे काय लावलंय?"

आबांचा चेहरा उजळला. इतका, की पुढचं कसं बोलायचं ते तिला कळेना. "दिसलं होय तुला? मी कुणाला बोललो नव्हतो. वाळवीचं औषध आहे. सगळ्या पाट्यांना एक हात मारला, भिंगरीच्या बाजूला दोन. म्हटलं, सूनबाई काळजी करते, तर पोरीच्या उशाशी कसर नको. दोन दिवस उन्हात वाळवलं, मगच लावलं."

ती पाटीकडे बघत राहिली. कापून उरलेल्या तुकड्यांना वास का नव्हता, ते आता कळलं. औषध कापल्यावर मारलं होतं. "पण आबा," ती हळू म्हणाली, "मी पानावर लिहिलं होतं."

"रंग नाही, पॉलिश नाही, फेविकॉल नाही. यातलं काही लावलंय मी? औषध म्हणजे काय रंग नव्हे. भिंतीला लावायचं लाकूड मागून औषध मारल्याशिवाय लावायचं नाही, हे मला वस्तादानं हात धरून शिकवलं. तुझ्या जन्माच्या आधी."

"घराच्या भिंतीला, आबा. घराच्या भिंतीखाली माती असते. वाळवी मातीतून वर येते." पाटी काढलेल्या जागेतून गाडीच्या पत्र्याची उघडी फासळी दिसत होती. तिनं त्यावर बोट ठेवलं. "गाडीत कुठून येणार? चाकांवरून चढून?"

आबा आत आले, पत्र्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. चाळीस वर्षांत हात इतक्या भिंतींवर फिरला होता. ही भिंत नव्हे, हे त्या हाताला आत्ता कळत होतं.

"डबा आहे का औषधाचा?" तिनं विचारलं.

डबा मागच्या खोलीत होता. वरचं लेबल तिनं मोठ्यानं वाचलं नाही, नुसता डबा नवऱ्यापुढे धरला. तो एव्हाना भिंगरीला कडेवर घेऊन आला होता. त्यानं वाचलं: बंद जागेत वापरू नये, लहान मुलांपासून दूर ठेवावे, परिणाम अनेक वर्षे टिकतो. त्यानं भिंगरीला खाली उतरवलं आणि "जा, अंगणात तुझा पाना आण" म्हणून गाडीपासून लांब पाठवलं.

"पण वास मला कसा नाही आला?" तो म्हणाला.

"तू दार उघडं ठेवून आलास. गाडी बंद करून तापल्याशिवाय तो बाहेर येत नाही." मग ती आबांकडे वळली. "पण आबा, हे दोन दिवस तुमच्याजवळ वाळत होतं. तुम्हाला काहीच जाणवलं नाही?"

आबा खाली बसले, गाडीच्या पायरीवर. कानावरची पेन्सिल काढून हातात धरली.

"मला नाही येत वास," ते म्हणाले.

"याचा?"

"कशाचाच. बारा-तेरा वर्षं झाली. थिनर, पॉलिश, काय काय ओढलंय या नाकानं. एके दिवशी गेला तो गेलाच."

नवरा बघत राहिला. "आईला माहीत होतं?"

"तिला कशाला सांगू? तिला वाटलं असतं, हा इतकी वर्षं माझ्या हातच्या जेवणाची उगाच वाहवा करतोय." ते जरा थांबले. "उगाच करत नव्हतो. सवयीनं करत होतो."

नवऱ्यानं तिच्या हातातला डबा घेऊन बाजूला ठेवला. "ठीक आहे. दारं उघडी ठेवू. उद्याचा दिवस आहे. वास उडून जाईल."

"उडून जायला नाही बनवलेलं ते. राहायला बनवलंय."

"मग हिला आपल्या बाजूला झोपवू."

"त्या बाजूलाही एक हात आहे."

"सहा आठवडे आहेत हे." त्याचा आवाज चढला नाही, पण पातळ झाला. "तुला कळतंय ना? मी परत येईन तेव्हा पुन्हा काका होऊन येईन."

तिला कळत होतं. सकाळपासून तेवढंच कळत होतं. "होऊ दे," ती म्हणाली. ती पलंगाच्या कडेला टेकली. "काका म्हणायलासुद्धा आधी नीट श्वास घेता आला पाहिजे. मी हिला यात नाही झोपवणार. तू मला बटाटा म्हण, काही म्हण."

तो बाहेर गेला. त्याच्या पावलांचा आवाज घरापर्यंत गेला आणि थांबला. ती तशीच बसून होती. मग शेजारी किरकिर ऐकू आली. आबांनी दुसऱ्या पाटीचा स्क्रू फिरवायला घेतला होता.

"आबा, तुम्ही कशाला..."

"मी लावलेत, मीच काढेन. तू बाहेर बस. तुझं नाक शाबूत ठेव."

थोड्या वेळानं नवराही आला. दुसरा स्क्रू ड्रायव्हर घेऊन. बाप-लेक एकमेकांशी न बोलता पाट्या उतरवत राहिले. दिवेलागणीपर्यंत सगळ्या पाट्या अंगणाच्या लांबच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली गेल्या होत्या. आत पत्र्याच्या फासळ्या तेवढ्या उरल्या, आणि फासळ्यांच्या मधे ऊन-थंडी अडवायला आधीच बसवलेल्या फोमच्या चंदेरी पाट्या. लागलेलं असेल नसेल ते जावं म्हणून तिनं सगळं साबणाच्या पाण्यानं तीनदा पुसलं. तोपर्यंत नवऱ्यानं बसनं जायची त्याची जुनी पिशवी माळ्यावरून काढली होती. त्यावरची धूळ तो फडक्यानं पुसत होता, आणि भिंगरी विचारत होती, "बाबा, ही कुणाची बॅग?"

रविवारी सकाळी आबा चहाला आले नाहीत. तिनं कप त्यांच्या खोलीत नेऊन ठेवला. दुपारी ऊन चढल्यावर ती गाडी बंद करून आत बसली. का बसली, ते तिला सांगता आलं नसतं. निघायचं तर नव्हतंच. वीस मिनिटं. चाळीस. तासभर. घाम, साबण, गरम पत्रा. दुसरं काहीही नाही. चंदेरी फोम लागून दोन महिने झाले होते, आणि सगळ्यात आधी बरणीत घालून तिनं पास केला होता तो फोमच.

दार ढकलून भिंगरी आत आली. चारी बाजूंनी चकाकणाऱ्या त्या डब्यात तिनं स्वतःकडे पाहिलं. भिंतीत एक लांबुळकी, विरघळलेली मुलगी हलत होती. भिंगरीनं हात हलवला, तिनंही हलवला. भिंगरी खिदळली.

आणि ते बघताना आईच्या लक्षात आलं, की दोन महिने आपण सगळे भिंत कशाची लावायची यावर डोकं आपटत होतो. लावायलाच हवी का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

पण काळजी ही बाई रिकामी बसत नाही. पुढच्याच क्षणी तिला फासळ्यांच्या कडा दिसल्या, धारदार. स्क्रूची भोकं, बोट अडकेल अशी. चंदेरी कागद नखानं उचकटला तर थेट तोंडात. तिनं वही काढली, सात गोष्टी लिहिल्या आणि पान घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. कप तसाच होता, चहावर साय धरली होती.

"आबा, पत्र्याच्या कडा बोथट करता येतील? गोंद न लावता, आणि आजच्या आज?"

आबांनी पान हातात घेतलं. या वेळी घडी घातली नाही; चष्मा लावून सातही ओळी वाचल्या आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे काय? आणि हे नको म्हणजे काय काय नको?" सगळं ऐकून झाल्यावर ते उठले.

कडांना त्यांनी गाडीच्या दाराला असते तशी रबराची पट्टी दाबून बसवली. ती तिनं आधी बरणीत घालून पाहिली, तोवर ते शांतपणे बाहेर उभे राहिले. डावीकडच्या भोकांना लाकडाच्या खुंट्या ठोकल्या. पण भिंगरीच्या बाजूला नुसता कागद चालणार नव्हता. शेवटी तिनं कपाटाच्या तळातून जाड सुती चादर काढली. धुऊन धुऊन तिचा रंग आणि वास दोन्ही कधीच निघून गेले होते. आबांनी चादरीच्या कडांना काजं पाडली आणि फासळ्यांच्या भोकांतून दोरी ओवत ती ताणून बांधली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"चाळीस वर्षं सुतारकाम केलं," दोरी दातात धरून ते म्हणाले, "भिंत शिवायची पाळी आज आली."

नवरा दारात उभा राहून बघत होता. त्यानं ताणलेल्या चादरीवर टिचकी मारली. "मग दोन महिने आपण दुकानं काय पालथी घालत होतो?"

"तू वजन मोजत होतास," ती म्हणाली. "आता बघ, किती कमी झालं."

तो हसला नाही. पण त्यानं जुनी पिशवी उचलली, उघडली आणि आतले कपडे काढून गाडीतल्या खणात एकेक करून ठेवायला लागला.

सोमवारी सकाळी निघताना आबा तिच्या खिडकीशी आले. ती तेवढ्यात पट्टा, श्वासाचा पंप, औषधाची पिशवी, पाणी असं तिसऱ्यांदा बघत होती.

"मुक्कामाला पोचलीस की फोन कर," ते म्हणाले.

"करते, आबा. भिंगरी कशी आहे ते कळवते."

"ते तर कळवशीलच. पण गाडी बंद करून बसायचं, आणि आत कसला वास येतो ते मला सांगायचं. माझ्या कामाला नंतर काय होतं, ते मला कळत नाही. तू सांग. म्हातारा दुखावेल म्हणून लपवायचं नाही."

दुपारी पहिल्या काट्याजवळ गाडी थांबली. सगळीकडे माळ, एक टपरी, रांगेत उभे ट्रक. नवरा काट्याच्या खड्ड्यात उतरला. भिंगरी सुती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवून दार ओढून घेतलं, काचा लावल्या, घड्याळ लावलं आणि वीस मिनिटं बसून राहिली. पाठ वर आली, खाली गेली. मग तिनं फोन लावला.

"सांग," आबा म्हणाले.

"डिझेल," ती कुजबुजली. "बाहेरून येतोय. आत केळ्याचं साल आहे, ते टाकायला हवं. भिंगरीच्या मोज्यांचा. थोडं रबर, अगदी जवळ गेलं तर."

"उग्र?"

"नाही. आहे एवढंच."

"चादर?"

ती वाकली आणि लेकीच्या नाकाशेजारी, कापडाला नाक लावलं. फोनमध्ये आबा थांबून राहिले होते. त्यांचा श्वासही ऐकू येत नव्हता.

"चादरीला काही नाही," ती म्हणाली. "थांबा, आबा. एकदा परत बघते."